स्पोर्ट्स मोटार : आज घ्यावी की थांबावे?

(नभोवाणीवरील भाषण)

मनुष्य ज्या वस्तू विकत घेतो त्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग गरजेच्या वस्तूंचा. त्या केव्हा घ्याव्यात हे गरजच ठरवून टाकते. मृग नक्षत्र तोंडावर आले आणि घराचे छप्पर गळत असले, तर कौलांचा भाव उतरण्याची वाट कोणी पाहात बसत नाही. दुसरा वर्ग हौसेच्या वस्तूंचा. त्या आज घेतल्या नाहीत म्हणून काही अडत नाही. आणि म्हणूनच त्या केव्हा घ्याव्यात हा प्रश्न वर्षानुवर्षे मनात घोळत राहतो. गरज मनुष्याला निर्णयाच्या त्रासातून सोडविते. हौस सोडवीत नाही.

स्पोर्ट्स मोटार ही या दुसऱ्या वर्गातील फार महाग वस्तू आहे. जमिनीलगतची बैठक, बहुधा दोघांपुरतीच जागा, सामानाला जेमतेम एक कोपरा, आणि इंजिन, चाके, स्टिअरिंग यांची सारी जुळणी एकाच हेतूने केलेली. तो म्हणजे चालविणाऱ्याला चालविण्याचा आनंद मिळावा. बाजारहाट, मुलांची शाळा, स्टेशनवरून पाहुण्यांना आणणे, यांपैकी कोणत्याही कामाला साधी मोटार तिच्याहून सरस ठरते. तरीही तरुणपणापासून ही इच्छा मनात बाळगणारी माणसे इंदूर-वडोदऱ्यापासून हैदराबादेपर्यंत प्रत्येक मोठ्या शहरात आढळतात. धंद्यात चार पैसे गाठीशी बांधलेला, मुले मार्गाला लागलेली पाहणारा एखादा गृहस्थ एके दिवशी विचारू लागतो : आता घ्यावी, की अजून थोडे थांबावे?

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. परंतु त्याची फोड करता येते, आणि फोड केली म्हणजे उत्तर पुष्कळसे आपोआप सापडते. "थांबावे का?" असे विचारण्यापूर्वी "कशासाठी थांबावे?" असे विचारले पाहिजे. थांबण्याची मुख्य कारणे चार. पुढचा नमुना अधिक चांगला निघेल म्हणून. किंमत उतरेल म्हणून. कर आणि कायदे बदलतील म्हणून. किंवा स्वतःची ऐपत अजून पुरेशी नाही म्हणून. ही चारही कारणे एकाच पिशवीत कोंबल्यामुळे मनाचा गोंधळ उडतो. ती वेगवेगळी काढून पाहिली पाहिजेत.

प्रथम नव्या नमुन्याचे कारण घेऊ. १९६१ सालच्या मार्च महिन्यात जिनीव्हा येथील मोटार-प्रदर्शनात ब्रिटनच्या जॅग्वार कंपनीने आपली ई-टाइप ही मोटार प्रथम मांडली. लांबलचक बॉनेट, सहा सिलिंडरांचे ३.८ लिटर इंजिन, आणि ब्रिटनमध्ये किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. तशाच वेगाच्या इटालियन मोटारींच्या मानाने ही किंमत फारच कमी होती. साहजिकच मागणी उसळली. परंतु त्या पहिल्या गाड्यांत चालविणाऱ्याला जाचणाऱ्या गोष्टी होत्या. पायाखालचा तळ सपाट असल्यामुळे उंच माणसाचे पाय अवघडत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, त्यामुळे गाडी चालत असताना तो गिअर टाकणे हे कसबाचे काम होते. आसने आणि ब्रेक यांविषयीही कुरकुर होती. १९६२ च्या आरंभी कंपनीने पाय ठेवण्याची जागा खोलगट केली. १९६४ च्या ऑक्टोबरात ४.२ लिटरचे इंजिन, सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असलेला नवा गिअरबॉक्स, सुधारलेले ब्रेक आणि अधिक आरामशीर आसने आली. म्हणजे जो साडेतीन वर्षे थांबला त्याला निःसंशय अधिक चांगली मोटार मिळाली.

यात एक गंमत आहे. आज त्याच सपाट तळाच्या, आणि त्यांतही बाहेरून किल्लीने बॉनेट उघडावे लागणाऱ्या अगदी पहिल्या गाड्यांना जुन्या मोटारींचे संग्राहक विशेष मान देतात. चालविणाराच्या दृष्टीने जे वैगुण्य होते तेच संग्राहकाच्या दृष्टीने भूषण ठरले. ही गोष्ट सांगून "गाडी लवकर घ्या, पुढे सोने होईल," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु मधली कित्येक वर्षे ती केवळ एक जुनी, गंजत चाललेली गाडी होती, आणि तिला सांभाळणारास गॅरेज, दुरुस्ती आणि सुटे भाग यांवर खर्च करावाच लागला, हे ते सांगत नाहीत. ज्यांच्या गाड्या भंगारात गेल्या त्यांची नावेही कोणी घेत नाही. तेव्हा पहिला निष्कर्ष असा : मोटार चालविण्यासाठी घ्यायची असेल तर नव्या नमुन्याचे पहिले वर्ष टाळणे बहुधा हिताचे असते; आणि 'गुंतवणूक' हे कारण पुढे करून घाई करणे हे बहुधा स्वतःच्याच मनाला घातलेले भुरळ असते.

नमुना रस्त्यावर येऊन गेला असेल तर त्याची पारख तरी करता येते. तो अजून कागदावरच असेल तर? याचे उत्तर त्याच जॅग्वार कंपनीच्या दुसऱ्या एका मोटारीने दिले आहे. १९८८ च्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅम येथील प्रदर्शनात एक्सजे-२२० नावाची मोटार मांडण्यात आली. बारा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना शक्ती आणि पाखरासारखी वर उघडणारी दारे. तो काळ तेजीचा होता. दुर्मिळ मोटारी घेऊन काही महिन्यांत नफ्याने विकण्याची लाटच आली होती. १९८९ च्या अखेरीस कंपनीने मागण्या स्वीकारण्यास आरंभ केला तेव्हा किंमत, कर सोडून, २,९०,००० पौंड आणि विसार ५०,००० पौंड होता. तयार करावयाच्या गाड्यांची मर्यादा ३५०. विसार घेऊन धावलेली माणसे त्याच्या कित्येक पट.

प्रत्यक्षात १९९२ मध्ये गाडी ग्राहकांच्या दारी आली तेव्हा बारा सिलिंडरांच्या जागी सहा सिलिंडरांचे, टर्बो बसविलेले इंजिन होते. शक्ती केवळ मागच्या चाकांना होती. दारेही साध्याच पद्धतीने उघडत होती. महागाईशी बांधलेली किंमत मात्र ४,००,००० पौंडांच्या वर गेली होती. मोटार वाईट होती असे कोणी म्हणू शकणार नाही. १९९२ मध्येच तिने ताशी ३४० किलोमीटरांहून अधिक वेग गाठून दाखविला. परंतु मधल्या काळात तेजी ओसरून मंदी आली होती, आणि नफ्याच्या आशेने नाव नोंदविलेल्यांना आता गाडी नकोशी झाली होती. काहींनी न्यायालयाची पायरी चढली, काहींनी पैसे भरून करारातून अंग काढून घेतले. १९९४ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा एकूण गाड्या तीनशेही झाल्या नव्हत्या, आणि पुढे बरीच वर्षे त्या मूळ किमतीच्या पुष्कळ खाली विकल्या जात होत्या.

ह्या प्रकरणात कोणी कोणाला फसविले हा प्रश्न गौण आहे. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, प्रदर्शनातील मोटार हे वचन असते, वस्तू नव्हे. वचनासाठी थांबणे वेगळे आणि वचनासाठी पैसे देणे वेगळे. थांबणाऱ्याचा केवळ वेळ जातो. विसार देणाऱ्याचा वेळही जातो आणि पैसाही अडकतो. म्हणून विसार द्यायचाच असेल तर तीन गोष्टी लेखी असाव्यात : अंतिम किंमत किंवा ती वाढविण्याचा नियम, गाडी मिळण्याची मुदत, आणि मागणी रद्द केल्यास किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल ते.

आता दुसरे कारण, किमतीचे. नव्या मोटारीची किंमत दोन प्रकारे उतरते. एक उतार बाजाराच्या उत्साहाचा. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात जपानच्या माझ्दा कंपनीने एमएक्स-५, अमेरिकेतील नाव मियाटा, ही लहान उघडी मोटार मांडली. अमेरिकेत तिची छापील किंमत १३,८०० डॉलर होती. परंतु पहिल्या हंगामात इतकी झुंबड उडाली की, कित्येक विक्रेते छापील किमतीवर हजारो डॉलर अधिक मागत आणि ग्राहक देतही. कारखाना चालू होता, गाड्या येत होत्या. थोड्याच काळात तो जादा आकार नाहीसा झाला. ज्यांनी दिला त्यांचे ते पैसे केवळ शेजाऱ्याच्या आधी गाडी दारात उभी करण्याच्या सुखासाठी खर्ची पडले. त्या मोटारीचे उत्पादन पुढे चालूच राहिले आणि २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. जी वस्तू लाखांनी तयार होते तिच्यासाठी रांगेत धक्काबुक्की करण्याचे कारण नसते.

दुसरा उतार घसाऱ्याचा. तो पहिल्या दिवसापासून सुरू होतो आणि आरंभी सर्वांत वेगाने होतो. हा हिशेब कागदावर मांडून पाहणे उपयोगी पडेल. समजा, एका मोटारीची किंमत ५० लाख रुपये आहे आणि पहिल्या वर्षात तिचा पाचवा हिस्सा उतरला. हे झाले १० लाख. तेच ५० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर साडेतीन लाख व्याज आले असते, ते बुडाले. विमा, देखभाल, टायर यांचे दीड लाख धरू. एकूण १५ लाख. हौसेची गाडी वर्षाला ३,००० किलोमीटर चालली तर दर किलोमीटरला ५०० रुपये पडले.

आता तशीच, परंतु तीन-चार वर्षे वापरलेली गाडी ३० लाखांना मिळाली असे धरू. पुढल्या वर्षात ती ३ लाखांनी उतरली, व्याजाचे २ लाख १० हजार बुडाले, आणि जुनी असल्यामुळे विमा व दुरुस्ती यांचा खर्च अधिक, म्हणजे १ लाख ९० हजार धरला. एकूण ७ लाख. तेवढ्याच ३,००० किलोमीटरांना दर किलोमीटर सुमारे २३३ रुपये. आकडे प्रत्येक गाडीचे निराळे असतील. हिशेबाची रीत तीच. यातून दिसते ते असे की, पुष्कळदा "आज नवी की उद्या नवी" हा प्रश्नच अपुरा असतो. "आज जुनी" हा तिसरा मार्ग असतो, आणि तो पत्करणारास घसाऱ्याचा सर्वांत उभा चढ दुसऱ्याने चढून दिलेला असतो. मात्र अशी गाडी घेण्यापूर्वी तिची देखभालीची वही, अपघाताचा इतिहास आणि विम्याचे कागद जाणत्या मेस्त्रीकडून तपासून घेतले पाहिजेत. स्पोर्ट्स मोटार ही जोरात हाकली गेलेली असण्याचा संभव असतो, आणि बाहेरचा रंग ते सांगत नाही.

एवढे ऐकल्यावर वाटेल की थांबणे हेच नेहमी शहाणपणाचे. तसे नाही. ज्या वस्तूसाठी आपण थांबतो ती वस्तू आपल्यासाठी थांबेलच असा नियम नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या बॉक्स्टर आणि केमन या मोटारींचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. बॉक्स्टर १९९६ मध्ये आली, आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे ठेवलेले सहा सिलिंडरांचे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य होते. २०१६ मध्ये ७१८ या नावाने नवा नमुना आला तेव्हा सहाच्या जागी चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसविले गेले. वेग वाढला, पण ज्या नादासाठी लोक ती गाडी घेत तो नाद गेला, अशी हळहळ रसिकांत उमटली. जो "पुढचा नमुना येऊ द्या" म्हणून थांबला होता त्याची अशी निराशा झाली. २०१९-२० च्या सुमारास सहा सिलिंडरांचे इंजिन पुन्हा आले, परंतु ते वरच्या, महाग प्रकारांत.

पुढे २०२२ मध्ये कंपनीने जाहीर केले की, ही मोटार या दशकाच्या मध्यापर्यंत केवळ विजेवर चालणारी होईल. २०२४ च्या जुलैपासून युरोपीय संघात मोटारींच्या संगणक-सुरक्षेचे नवे नियम सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. जुन्या रचनेची ही गाडी त्यांत बसेना, म्हणून तिचे नेहमीचे प्रकार तेथील विक्रीतून काढून घ्यावे लागले. २०२५ च्या ऑक्टोबरात तिचे उत्पादनच थांबले. पेट्रोलवरची नवी ७१८ घेण्यासाठी जो "अजून एक वर्ष" म्हणत राहिला त्याला शेवटी कोरी गाडी मिळालीच नाही.

परंतु या गोष्टीलाही शेपूट आहे. उत्पादन थांबण्याच्या आधीच, २०२५ च्या सप्टेंबरात, पुढच्या पिढीतील वरच्या प्रकारांत पेट्रोल इंजिनही ठेवण्याचा विचार कंपनीने जाहीर केला. तेव्हा "ही शेवटची संधी" हे वाक्य ऐकताच खिशात हात घालणेही बरोबर नाही. शेवटची म्हटलेली वस्तू कधी कधी परत येते. मग नियम कोणता? नियम असा की, ज्याला नेमकी तीच गाडी, तेच इंजिन हवे आहे आणि ज्याची ऐपत आहे, त्याने उत्पादन संपण्याची घोषणा झाल्यावर उगाच चालढकल करू नये. ज्याला एखादी चांगली स्पोर्ट्स मोटार हवी आहे, अमुकच हवी असे नाही, त्याने अशा घोषणांनी मुळीच विचलित होऊ नये. बाजारात दुसरी येते.

तिसरे कारण करांचे. आपल्या देशात हे कारण इतर तिन्हींहून वजनदार आहे, कारण बहुतेक नामांकित स्पोर्ट्स मोटारी पूर्ण तयार स्थितीत परदेशातून येतात. अशा महाग मोटारीवर आयात-जकातीचा बोजा ११० टक्क्यांपर्यंत असे. त्यावर वस्तू व सेवा कर. २०२५ च्या २२ सप्टेंबरपर्यंत मोठ्या मोटारींवर २८ टक्के कर आणि वर उपकर मिळून ४८ ते ५० टक्के पडत. त्या दिवसापासून उपकर जाऊन सरसकट ४० टक्के झाले. हिशेब असा : बंदरावर १०० रुपयांना पडलेली मोटार ११० टक्के जकातीने २१० रुपयांची होते, आणि त्या २१० वर ४० टक्के म्हणजे ८४ रुपये कर मिळून २९४ रुपयांची. विक्रेत्याचा नफा, विमा आणि राज्याचा रस्ता-कर त्यानंतर.

आता जकात उतरण्याची चिन्हे आहेत. २०२५ च्या २४ जुलै रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात व्यापार-करारावर सह्या झाल्या. २०२६ च्या जानेवारीत युरोपीय संघाशी चाललेल्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दोन्हींत मोटारींवरील जकात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे. मात्र ठरावीक संख्येपुरतीच. वरचाच हिशेब १० टक्के जकातीने केला तर १०० चे ११०, आणि त्यावर ४४ रुपये कर मिळून १५४ रुपये होतात. २९४ आणि १५४ यांतील अंतर लहान नाही.

म्हणून ब्रिटन किंवा युरोपातून येणारी महाग मोटार केवळ चैनीसाठी घेऊ पाहणारास आज थांबण्याचे खरे, आकड्यांत मांडता येणारे कारण आहे. इतकेच नव्हे, तर पूर्ण जकात भरून आज घेतलेल्या गाडीची पुनर्विक्रीची किंमतही, उद्या नवी स्वस्त आली म्हणजे खाली येणार. मात्र चार गोष्टी विसरू नयेत. पहिली, सवलत कोठे तयार झालेल्या गाडीला आहे हे पाहावे. ब्रिटनशी झालेला करार जपानी किंवा अमेरिकेहून येणाऱ्या गाडीला उपयोगी नाही. दुसरी, जकात एका दिवसात तळाला जात नाही. टप्पे वर्षांचे असतात. तिसरी, संख्या मर्यादित आणि मागणी मोठी असली की, वाचलेली जकात ग्राहकाच्या खिशात न पडता विक्रेत्याकडेच राहू शकते. मियाटाच्या पहिल्या हंगामात छापील किमतीचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. चौथी, विजेवर चालणाऱ्या मोटारींचा हिशेब वेगळा असतो. त्यांच्यावर वस्तू व सेवा कर ५ टक्केच ठेवण्यात आला. २०२५ च्या जुलैत एमजी कंपनीची सायबरस्टर ही विजेवर चालणारी दोन आसनी उघडी मोटार भारतात विक्रीस आली, हे याच दिशेचे उदाहरण. पण विजेच्या मोटारींत बॅटरीची सुधारणा झपाट्याने होत असल्यामुळे जुन्या नमुन्याचा घसाराही वेगाने होण्याचा धोका असतो.

सीमाभागातील ग्राहकाने आणखी एक गोष्ट पाहावी. रस्ता-कर प्रत्येक राज्याचा वेगळा. शेजारच्या राज्यात कर कमी म्हणून गाडी तेथे नोंदवायची आणि बेळगावात किंवा कोल्हापुरात कायम वापरायची, हा मोह बाळगू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि तेथील कर चुकत नाही.

सुटे भाग आणि देखभाल हीही विचाराची बाब आहे. गोव्यातच गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी लहान स्पोर्ट्स मोटार तयार होऊ लागली होती. तिला रेनॉल्ट कंपनीचे छोटे इंजिन होते. धाडस कौतुकास्पद, पण गाड्या थोड्याच तयार झाल्या आणि पुढे उत्पादन बंद पडले. थोड्या संख्येत तयार झालेल्या कोणत्याही गाडीच्या मालकाला काच, दिवा, बिजागरी अशा साध्या वस्तूसाठीही हिंडावे लागते. म्हणून गाडी घेण्यापूर्वी जवळची अधिकृत कार्यशाळा किती अंतरावर आहे, हे नकाशावर मोजून पाहावे. ती मुंबईला किंवा बंगळूरला असेल, तर प्रत्येक दुरुस्तीला ट्रकचे भाडे धरावे.

शेवटी चौथे कारण, ऐपतीचे. इथे मनुष्याने स्वतःशी कठोर असावे. घराचे कर्ज, मुलांचे शिक्षण, आईबापांच्या आजारपणाची तरतूद आणि सहा महिन्यांचा घरखर्च, यांपैकी एकही बाब अपुरी असेल तर थांबावे. येथे वाद नाही. हप्त्यांनी घेतलेली गरजेची वस्तू स्वतःचे मोल काम करून फेडीत असते. हप्त्यांनी घेतलेली हौस दर महिन्याला फक्त मागत असते. शिवाय किंमत परवडणे आणि गाडी परवडणे यांत फरक आहे. ज्याला वार्षिक विमा भरताना आणि टायर बदलताना जीव थोडा होतो, तो ती गाडी चालविण्याऐवजी झाकून ठेवू लागतो. झाकून ठेवलेल्या स्पोर्ट्स मोटारीसारखी उदासवाणी वस्तू नाही.

ऐपतीचा विचार करताना लोक पैसा मोजतात आणि वय मोजायला विसरतात. स्पोर्ट्स मोटारीत बसणे म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणे. गुडघे आणि कंबर यांचा प्रश्न चाळिशीत विनोदाचा असतो, साठीत नसतो. रात्रीची नजरही तीच राहात नाही. शिवाय कोकणात आणि गोव्यात पावसाचे चार महिने वजा जातात. गतिरोधक आणि खड्डे हे बाराही महिने असतात. वेगाचे म्हणावे तर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा घातलेली आहे. तेव्हा या गाडीचा खरा आनंद एखाद्या रविवारी सकाळी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरण्यात, कायद्याच्या मर्यादेत, वळणावर वळण नीट घेण्यात आहे. वर्षाकाठी असे पंचवीस-तीस रविवार मिळतात. ३५ वर्षांच्या माणसाला अशी पंचवीस वर्षे पुढे असतात. त्याने जकात उतरेपर्यंत चार वर्षे वाट पाहिली तर त्याचे फारसे नुकसान नाही. ५८ वर्षांच्या माणसाला अशी कदाचित सात-आठच वर्षे असतात. त्याने चार वर्षे थांबून पैसे वाचविले, तर निम्मे रविवार खर्ची घातले. ज्याची बाकी सारी तरतूद झालेली आहे अशा साठीजवळच्या गृहस्थाने आजच एखादी निवडक, वापरलेली गाडी घ्यावी, हे हिशेबाच्याच दृष्टीने योग्य ठरते. तीच गोष्ट तिशीतल्या कर्जदार तरुणाने करणे अयोग्य ठरते. प्रश्न एकच, उत्तरे दोन, आणि दोन्ही बरोबर.

निर्णयापूर्वी एक सोपी परीक्षा करून पाहावी. जी गाडी मनात आहे ती, किंवा तिच्यासारखी, एक-दोन दिवस भाड्याने घ्यावी अथवा परिचिताकडे असल्यास तीत बसून पाहावे. दहा वेळा आत बसावे, दहा वेळा बाहेर यावे. घराच्या फाटकातून, गल्लीतल्या गतिरोधकावरून न्यावी. पत्नीला शेजारी बसवून शंभर किलोमीटर जावे. पुष्कळांची हौस एवढ्यानेच भागते आणि पन्नास लाख वाचतात. ज्यांची भागत नाही त्यांची हौस खरी आहे असे समजण्यास हरकत नाही.

आणि ज्याने थांबावयाचे ठरविले त्याने तारीख घालून थांबावे. "जकात अमुक टक्क्यांवर आली की," "धाकटीची फी संपली की," किंवा "अमुक सालच्या दसऱ्याला," असे काही तरी वहीत लिहून ठेवावे, आणि गाडीच्या नावाने दरमहा ठरावीक रक्कम बँकेत वेगळी टाकावी. तारीख आली म्हणजे वही उघडावी. तोवर अट पुरी झाली असेल तर घ्यावी; हौसच विरली असेल तर साठलेली रक्कम दुसऱ्या कामी येईल. तारखेवाचून थांबणाऱ्याच्या हाती मात्र ना गाडी राहते ना रक्कम.